परतीचं तिकीट आणि केदारनाथचं हेलिकॉप्टर

चारधाम यात्रेचा कार्यक्रम डोंबिवलीत छापला जातो तेव्हा केदारनाथच्या देवळाभोवती अजून बर्फ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कागदावर दिवस मांडले जातात: हरिद्वार, बडकोट, यमुनोत्री, उत्तरकाशी, गंगोत्री, गुप्तकाशी, केदारनाथ, बद्रीनाथ आणि पुन्हा हरिद्वार. दहा रात्री, अकरा दिवस. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जायचं आणि यायचं तिकीट दोन महिने आधीच हातात असतं आणि त्या दोन तारखांच्या मध्ये चार धाम बसवायचे असतात. यात्रा आखून देण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. हिमालयात यात्रेकरूंचं हेलिकॉप्टर पडलं की चर्चा वैमानिकाची होते, इंजिनाची होते, कंपनीची आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची होते, शेवटी नशिबाची होते. या कागदाची मात्र कधीच होत नाही. खराब हवेत होणाऱ्या अपघातांची सुरुवात, माझ्या मते, इथेच होते. कारण या कागदावर सगळं असतं, फक्त मोकळा दिवस नसतो.

१५ जून २०२५ च्या अपघाताच्या वेळा बघा. आर्यन एव्हिएशनचं बेल ४०७ जातीचं हेलिकॉप्टर पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी गुप्तकाशीहून उडालं, ५.१८ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उतरलं आणि ५.१९ ला परतीचे प्रवासी घेऊन पुन्हा हवेत गेलं. साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान ते गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळलं. सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक दाम्पत्य आणि त्यांची २३ महिन्यांची मुलगी होती. वैमानिक लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेला, म्हणजे कच्च्या हाताचा नव्हे. दरीत ढग होते, दिसत नव्हतं, आणि ताब्यात असलेलं यंत्र डोंगरावर आदळलं असावं, असं प्राथमिक निवेदनातच सांगितलं गेलं. नंतर कंपनीच्या दोन व्यवस्थापकांवर गुन्हा दाखल झाला. त्या तक्रारीनुसार कंपनीला दिलेली पहिली वेळ सकाळी सहा ते सातची होती, आणि हेलिकॉप्टर त्याआधीच उडालं होतं. तीनच दिवस आधी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं होतं. त्या विमानावरच्या कर्मचाऱ्यांत डोंबिवलीची एक मुलगी होती, त्यामुळे आपल्या गावाचं सगळं लक्ष तिकडे असणं स्वाभाविक होतं. गौरीकुंडच्या सात जणांची बातमी त्या गदारोळात आतल्या पानावर गेली आणि दोन दिवसांत विझली.

मला या सगळ्यात ५.१८ आणि ५.१९ या दोन आकड्यांमधलं अंतर सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एक मिनिट. पंखा फिरता ठेवून माणसं उतरवायची, दुसरी चढवायची आणि निघायचं. केदारनाथच्या शटल सेवेत यात गैर काही मानलं जात नाही, रोजची पद्धतच ती आहे. फेरी आठ-दहा मिनिटांची, माणशी भाडं ठरलेलं, उडण्यालायक हवा बहुतेक वेळा सकाळचे काही तास, आणि पावसाळ्यात बहुतेक सगळंच बंद. मग जितक्या फेऱ्या जास्त तितकं उत्पन्न जास्त, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. पण या हिशेबात विचार करायला जागा कुठे आहे? येताना दरी कशी दिसली, मंदाकिनीच्या खोऱ्यातून ढग वर सरकतोय का, दहा मिनिटं थांबून बघावं का, हे प्रश्न त्या एका मिनिटात बसत नाहीत. ते मिनिट इतकं आखूड कुणी केलं, याचं उत्तर फक्त हेलिपॅडवर शोधून मिळणार नाही. हेलिपॅडबाहेर पहाटे चारपासून रांग लावून बसलेली माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या खिशात परतीचं तिकीट आहे.

ढगात शिरणं म्हणजे नेमकं काय, हे मुंबईच्या लोकलमधून प्रवास करणाऱ्याला चटकन कळणार नाही. डोंगरातली ही हेलिकॉप्टरं डोळ्यांनी बघून उडवली जातात. नियमही तसाच: समोर ठरावीक अंतरापर्यंत दिसलं पाहिजे, जमीन दिसत राहिली पाहिजे. दरी अरुंद असते आणि दोन्ही बाजूंना कडे असतात. केदारनाथला, ३,५८३ मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे यंत्राची ताकदही कमी पडते आणि वळायला, वर उचलायला हाताशी फारसं काही उरत नाही. अशा ठिकाणी काचेबाहेर एकदम पांढरं झालं की माणसाच्या कानातली तोल सांगणारी यंत्रणा त्याला फसवते. आपण सरळ आहोत असं वाटतं आणि यंत्र कललेलं असतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडवण्याचं प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत विमान उडवायला लावलं. वीसही जणांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. लष्करातून आलेल्या, तालीम झालेल्या वैमानिकाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. पण मंदाकिनीच्या दरीत समोरचा डोंगर तीन मिनिटंसुद्धा दूर नसतो.

आणि हे एकदाच झालेलं नाही. १८ ऑक्टोबर २०२२ ला केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेलं हेलिकॉप्टर गरुडचट्टीजवळ धुक्यात डोंगरावर आदळलं, सहा यात्रेकरू आणि मुंबईचा वैमानिक असे सात जण गेले. तेव्हाही कंपनी आर्यन एव्हिएशनच होती आणि हेलिकॉप्टरही बेल ४०७च. देवळाची कपाटं, म्हणजे दारं, बंद व्हायला तेव्हा दहा दिवसही उरले नव्हते, हंगामाची शेवटची गर्दी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे अपघाताच्या दोन महिने आधी, केदारनाथला उडणाऱ्या पाच कंपन्यांना सुरक्षा नियम मोडल्याबद्दल डीजीसीएने प्रत्येकी पाच लाखांचा दंड केला होता. हंगामातल्या उलाढालीपुढे पाच लाख म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ठाण्यालाही अशी दरी परकी नाही. २९ मे २०२२ ला नेपाळमध्ये पोखरा ते जोमसोम या पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासात तारा एअरचं ट्विन ऑटर विमान मुस्तांगमध्ये साडेचौदा हजार फुटांवर डोंगराला धडकलं. बावीस जणांत ठाण्यातलं चौघांचं एक कुटुंब होतं. ते विमान होतं, हेलिकॉप्टर नव्हे, पण पद्धत तीच: अरुंद दरी, डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण, ढग, आणि वाट चुकलेलं धडधाकट यंत्र.

आता हा दाब मैदानातून दरीत कसा पोचतो ते सांगतो, कारण आमच्या व्यवसायातली माणसं हे जाणतात पण बोलत नाहीत. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘हेलिकॉप्टर कन्फर्म आहे ना?’ खरं उत्तर असं आहे की तिकीट कन्फर्म असतं, उड्डाण कधीच नसतं. पण हे वाक्य उच्चारणाऱ्याकडून गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जातं, म्हणून ते कुणी उच्चारत नाही. शटलची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर निघतात आणि मे महिन्याची तर बघता बघता संपतात. ती मिळाली म्हणजे अर्धी यात्रा झाली असा घरात आनंद होतो. मग प्रत्यक्ष दिवस उजाडतो. हेलिपॅडवर निरोप येतो, ‘वेदर नहीं है.’ पहिला तास गप्पांत जातो. दुसऱ्या तासाला कुणीतरी म्हणतं, पलीकडच्या कंपनीचं उडालं की. तिसऱ्या तासाला सहल व्यवस्थापकाचा डोंबिवलीला फोन येतो आणि डोंबिवलीहून एजंटला फोन जातो, एजंट कंपनीच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो. या साखळीत कुणीही कुणाला ‘ढगात उडव’ असं सांगत नाही. प्रत्येक जण एवढंच विचारतो, ‘कधी होईल?’ पण ज्याला हा प्रश्न सकाळपासून शंभर जण विचारतात, त्याला दरीत थोडंसं उघडल्याबरोबर ते पुरेसं उघडलंय असं वाटू लागतं.

इथे पैशाची भीती किती हे तपासून बघण्यासारखं आहे, कारण वरवर सगळं पैशाभोवती फिरताना दिसतं. गुप्तकाशीहून जाऊन-येऊन माणशी साडेआठ हजारांच्या आसपास, फाट्याहून सहा हजारांच्या आसपास असं २०२५ चं भाडं होतं. हवेमुळे फेरी रद्द झाली तर हे पैसे परत मिळतात. तरीही माणसं हट्टाने थांबतात, चिडतात, रडकुंडीला येतात. याचं कारण पैसा परत मिळतो, दिवस परत मिळत नाही. रजा मोजून घेतलेली असते. बँकेत, खासगी कंपनीत, शाळेत काम करणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर असायचंच असतं. आई-वडिलांना घेऊन आलेला मुलगा मनातून जाणतो की पुन्हा हा योग जुळवणं कठीण आहे. त्यात परंपरेचा क्रम यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री असा. म्हणजे केदारनाथ येईपर्यंत सहा-सात दिवस उलटलेले असतात, वाटेत कुठे दरड कोसळली, कुठे जाम लागला, तर तो सगळा उशीर साचून नेमका याच दिवसावर येतो. ज्या ठिकाणी थांबायची सर्वांत जास्त गरज, तिथेच थांबायला सर्वांत कमी जागा. हा कार्यक्रम ज्यांनी आखला त्यांच्यात मीही आलो आणि माझ्या व्यवसायातले सगळेच आले.

माझ्या मुद्द्यात न बसणारे अपघात आहेत, ते लपवून चालणार नाही. ८ मे २०२५ ला खरसालीहून झाला या गावाकडे निघालेलं एअरोट्रान्सचं हेलिकॉप्टर उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीजवळ पडलं. हे शटल नव्हे, डेहराडूनहून चारही धाम हेलिकॉप्टरने करवणारं चार्टर. सहा जण गेले, त्यांत मुंबईच्या महिला होत्या. एक प्रवासी वाचला. अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल सांगतो की उड्डाणाला चोवीस मिनिटं झाल्यावर हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं, वैमानिकाने गंगोत्री महामार्गावर उतरवण्याचा प्रयत्न केला, पंख्याचं पातं रस्त्यालगतच्या हवेतल्या केबलला लागलं, आणि ते सुमारे अडीचशे फूट खाली दरीत गेलं. या अपघाताचं खापर कुठल्याही वेळापत्रकावर फोडायला मी तयार नाही. ७ जून २०२५ ला बडासूजवळ उडाल्या उडाल्या बिघाड झाल्याने हेलिकॉप्टर महामार्गावर उतरलं, शेपटी एका उभ्या मोटारीवर आदळली, प्रवासी वाचले. २४ मे २०२४ ला केदारनाथला एक हेलिकॉप्टर गरगरत हेलिपॅडशेजारी उतरलं, तिथेही सगळे वाचले. यंत्र बिघडतं, आणि त्यासाठी देखभाल, तपासणी, जुनी यंत्रं बाद करणं यांना पर्याय नाही. पण या यादीकडे नीट बघितलं की दिसतं, यंत्र बिघडल्यावर अनेकदा कुणीतरी वाचलं आहे. ढगात शिरल्यावर सहसा कुणी वाचत नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे: उडायचं की नाही हे वैमानिक ठरवतो, प्रवाशाचा त्यात काय दोष? कायद्याने हे बरोबर आहे आणि तसंच राहिलं पाहिजे. प्रवाशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा माझा हेतू नाही. पण निर्णय कुणाचा आणि निर्णयावर वजन कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात कॅलाबॅसस इथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याला आणि त्याच्या मुलीला घेऊन जाणारं चार्टर हेलिकॉप्टर ढगात शिरून टेकडीवर आदळलं. नऊ जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभराने निष्कर्ष दिला तो मुळातून समजून घ्यावा असा आहे. ब्रायंटने किंवा त्याच्या माणसांनी वैमानिकावर दडपण आणल्याचा पुरावा मिळाला नाही. दडपण बहुधा वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलं होतं, गिऱ्हाइकाला पोचवायचंच म्हणून; आणि ठिकाण जवळ येत गेलं तसं माघारी फिरणं जड होत गेलं. एका गिऱ्हाइकाने तोंडही न उघडता एवढं होतं, तर हेलिपॅडबाहेर शे-दोनशे माणसं घड्याळाकडे बघत बसलेली असताना काय होत असेल? रांगेतला प्रत्येक जण निर्दोष असू शकतो आणि तरीही रांगेचं वजन खरं असू शकतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, आणि तो मी गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, दोष एका इंजिनाच्या, एका वैमानिकाच्या, उपकरणं नसलेल्या हेलिकॉप्टरांचा आहे. दोन इंजिनांची, आधुनिक यंत्रं आणा, प्रश्न मिटेल. मिटेल का? ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ पडलेलं हवाई दलाचं एमआय-१७ व्ही५ दोन इंजिनांचं होतं, चालवणारे अव्वल वैमानिक होते, आत देशाचे संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत होते. चौकशीचा निष्कर्ष आला की दरीत हवा अचानक बदलल्याने हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि दिशाभान सुटून डोंगरावर आदळलं. कॅलाबॅससचं सिकोर्स्की एस-७६ दोन इंजिनांचं होतं. आपल्या पुण्यात, बावधनला, २ ऑक्टोबर २०२४ च्या धुक्याच्या सकाळी जुहूला यायला निघालेलं ऑगस्टा काही मिनिटांत टेकड्यांत कोसळलं आणि तिघे गेले. तेही दोन इंजिनांचं. आणि तारा एअरच्या विमानात तर डोंगर जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा बसवलेली होती. ती बंद करून ठेवलेली होती, असं नेपाळच्या चौकशीत निघालं. अरुंद दरीत डोंगर सतत जवळच असतो आणि यंत्र सतत ओरडतं, म्हणून ते गप्प करण्याची सवय लागते. गौरीकुंडनंतर उत्तराखंड सरकारने नियंत्रण कक्ष, हवामानाची उपकरणं, कॅमेरे यांची पावलं उचलली. खराब हवेत उडाल्याबद्दल दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. हे सगळं चांगलंच आहे, फार आधी व्हायला हवं होतं. पण कॅमेरा फक्त ‘नाही’ म्हणू शकतो. ते ‘नाही’ ऐकून मुक्काम वाढवण्याची सोय ज्याच्या कार्यक्रमात नाही, त्याच्यासाठी कॅमेरा हा आणखी एक अडथळाच ठरतो, आणि अडथळ्यांतून वाट काढण्यात आपण हिंदुस्थानी माणसं फार हुशार.

रस्त्यावर यापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, मग हेलिकॉप्टरचंच भूत का उभं करता, असंही विचारलं जातं. खरं आहे, चारधामच्या रस्त्यावर बस दरीत जाते तेव्हा आकडा मोठा असतो. पण त्या बसचा चालकही बऱ्याचदा त्याच कागदाचा गुलाम असतो. रात्री उशिरापर्यंत गाडी हाकून उद्याचा मुक्काम गाठायचा असतो. मोकळा दिवस त्यालाही झोप देतो. त्यामुळे हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडण्याऐवजी बळच देतो.

म्हाताऱ्या माणसांनी जायचंच नाही का, हा प्रश्न मात्र जिव्हारी लागणारा आहे. गौरीकुंडहून सोळा किलोमीटरची चढण सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही, खेचरावर बसणं हा स्वतंत्र छळ आहे, पालखी-कंडी सगळ्यांना परवडत नाही आणि माणसाने माणसाच्या पाठीवर बसणं सगळ्यांना रुचतही नाही. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली, ४,०८१ कोटींचा खर्च धरला, आठ-नऊ तासांची चढण ३६ मिनिटांत होईल असं सांगितलं. पण आज ज्यांचं वय पंचाहत्तर आहे त्यांनी त्यासाठी किती थांबायचं? म्हणून हेलिकॉप्टर नको असं मी म्हणतच नाही. हेलिकॉप्टरनेच जायचं असेल तर घाई सोडा, एवढंच म्हणतो. आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत घाईचा दुसरा धोकाही आहे, जो कुणी माहितीपत्रकात छापत नाही. गुप्तकाशी १,३१९ मीटरवर आहे. आठ मिनिटांत सव्वादोन हजार मीटर वर गेल्यावर हृदयाला, फुप्फुसाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. चालत जाणारा दमतो, पण त्याचं शरीर वाटेत थोडंफार जुळवून घेतं. उडून जाणारा ताजातवाना उतरतो आणि दर्शनाच्या रांगेत त्याला धाप लागते.

उरला खर्चाचा आक्षेप, आणि तो आमच्याच लोकांचा आहे. एक दिवस वाढवला की भाव वाढतो, जाहिरातीत अकराच्या जागी बारा दिवस दिसतात, गिऱ्हाईक दोन पत्रकं शेजारी ठेवून स्वस्त तेवढं उचलतं. हे मी नाकारत नाही. पण हिशेब पूर्ण करा. गुप्तकाशी किंवा फाटा परिसरातला साधा मुक्काम, दोघांत खोली आणि दोन वेळचं जेवण धरून, माणशी खर्च हेलिकॉप्टरच्या तिकिटाहून बराच कमी येतो. जो माणूस आठ मिनिटांसाठी हजारो रुपये सहज मोजतो, त्याला त्या आठ मिनिटांच्या सुरक्षिततेसाठी त्याहून कमी रक्कम मागायला आम्ही का कचरतो? कारण हेलिकॉप्टर दाखवता येतं, त्याचा फोटो छापता येतो. मोकळ्या दिवसाचा फोटो निघत नाही. काही जण मोकळा दिवस देतात, पण तो शेवटी हरिद्वारला, खरेदी आणि विश्रांतीसाठी. त्याचा हवेच्या दृष्टीने काडीचा उपयोग नाही. दिवस केदारनाथच्या पायथ्याशी हवा, बद्रीनाथच्या आधी हवा, आणि पहिल्याच दिवशी हवामान चांगलं लाभलं तर राखीव दिवशी त्रियुगीनारायण, उखीमठ बघता येतं. वाया काहीच जात नाही. परतीची गाडी हरिद्वारला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळची नको. आणि कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत एक ओळ हवी: हवा नसेल तर दर्शन हुकू शकतं. ही ओळ छापायला एका पैशाचा खर्च येत नाही. ती छापली जात नाही, कारण आमची स्पर्धा एकमेकांच्या भीतीवर चालते. सगळ्यांनी मिळून छापली तर कुणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही. यात्रेची नोंदणी सरकारकडे सक्तीची आहेच. त्याच नोंदणीत हेलिकॉप्टरने जाणाऱ्याला एक राखीव दिवस दाखवणं बंधनकारक केलं, तर हा प्रश्न स्पर्धेतून कायमचा निघून जाईल. उत्तराखंड सरकारला हे करणं अवघड नाही.

देवाच्या दारात मरण आलं, भाग्यच म्हणायचं, असं म्हणणारेही भेटतात. ज्याने स्वतः आयुष्य भोगून हे वाक्य स्वतःपुरतं म्हटलं त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण २३ महिन्यांच्या मुलीच्या बाबतीत हे वाक्य उच्चारायला जीभ रेटावी लागते. केदारनाथ तिथेच असतो. कपाटं दर वर्षी उघडतात.

येत्या हंगामाची चौकशी करायला लोक येतील, डोंबिवलीत फडके रोडवर, मानपाडा रोडवर, ठाण्यात, कल्याणात, जिथे जिथे यात्रेच्या पाट्या लागलेल्या आहेत तिथे. त्यांना माझी विनंती आहे. हेलिकॉप्टर कन्फर्म आहे का, हे शेवटी विचारा. आधी विचारा की गुप्तकाशीला राखीव दिवस किती आहेत, हवा नसेल तर पैसे कधी आणि कुणाकडून परत मिळतील, आणि परतीची गाडी कोणत्या दिवशीची आहे. उत्तर ‘त्याची काही गरज नाही, आमचं सेटिंग आहे’ असं आलं, तर तिथे पैसे भरू नका. आणि तिथे पोचल्यावर ‘वेदर नाही’ असा निरोप आला, तर ‘कधी होईल’ असं विचारायला खिडकीवर जाऊ नका. खोलीवर परत या.